उभी लागवड नळी

उभी लागवड नळी म्हणजे बाजूला खाचा वा भोके पाडलेली, मातीच्या मिश्रणाने भरलेली आणि उभी रोवलेली वा टांगलेली नळी होय. बाजूच्या प्रत्येक खाचेत एक रोप लावले जाते. जमीन कमी असलेल्या घरांत, विशेषतः सदनिकांच्या गच्चीवर, बाल्कनीत किंवा चाळीच्या गॅलरीत पालेभाज्या, औषधी वनस्पती व फुलझाडे वाढविण्यासाठी ही पद्धत वापरतात. नळी बहुधा पीव्हीसीची (पॉलिव्हिनिल क्लोराइडची) असते आणि ती बांधकामातून, दुरुस्तीतून किंवा शेतातील पाइपलाइनमधून निघालेली जुनी नळी असणे हे या पद्धतीचे मुख्य आकर्षण मानले जाते. मात्र जुनी नळी पूर्वी कशासाठी वापरली होती आणि ती केव्हा तयार झाली, यावर ती खाद्यपिकासाठी योग्य आहे की नाही हे ठरते.

== नाव व स्वरूप ==

या रचनेला 'व्हर्टिकल पाइप गार्डन' किंवा नुसते 'पाइप गार्डन' असेही म्हणतात. भिंतीवर आडव्या नळ्या ओळीने बसवून केलेल्या बागेलाही हेच नाव दिले जाते, पण दोहोंचे कार्य वेगळे आहे. आडव्या नळीत माध्यमाची उंची नळीच्या व्यासाएवढीच असते आणि पाणी सर्व रोपांना साधारण सारखे मिळते. उभ्या नळीत मात्र माध्यमाचा एक उंच स्तंभ तयार होतो. त्यात पाणी वरून खाली झिरपत जाते, म्हणून वरची रोपे लवकर कोरडी पडतात व तळाची रोपे ओली राहतात. या पद्धतीतील बहुतेक अडचणी व त्यांवरील उपाय या एका गोष्टीतून निघतात.

आडव्या नळीतून खतपाण्याचा पातळ प्रवाह सतत फिरवण्याच्या पद्धतीशीही उभ्या नळीची गल्लत होते. ती पद्धत १९६०च्या दशकात इंग्लंडमधील लिटलहॅम्प्टन येथील संशोधन संस्थेत ॲलन कूपर यांनी विकसित केली. तिच्यात माती नसते आणि पंप अपरिहार्य असतो. या लेखात माध्यमाने भरलेल्या, पंपाविना चालणाऱ्या उभ्या नळीचाच विचार केला आहे.

== पार्श्वभूमी ==

बाजूला कप्पे असलेल्या मातीच्या उंच कुंडीत स्ट्रॉबेरी लावण्याची रीत युरोपीय बागांत जुनी आहे, आणि उभी नळी हे तिचेच साधे रूप म्हणता येईल. वनस्पती धारण करणाऱ्या उभ्या रचनेची कल्पना तांत्रिक स्वरूपात मांडण्याचे श्रेय अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक स्टॅन्ली हार्ट व्हाइट यांना दिले जाते. त्यांना १९३८ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लां यांच्या हिरव्या भिंतींमुळे उभी बाग हा शब्द जगभर परिचित झाला. मात्र ब्लां यांच्या भिंती शोभेच्या व खर्चिक असतात, तर घरगुती नळीचा हेतू भाजी हा असतो.

हेतूच्या दृष्टीने उभ्या नळीचे जवळचे नाते केनियातील पोत्याच्या बागांशी आहे. नैरोबीतील किबेरा या दाट वस्तीत मातीने भरलेल्या पोत्यांच्या बाजूंना छिद्रे पाडून पालेभाजी लावली जाते. पोत्याच्या मध्यभागी दगडगोट्यांचा उभा गाभा ठेवतात, त्यामुळे वरून ओतलेले पाणी खालपर्यंत पोहोचते. हा गाभा तयार करण्यासाठी तळ नसलेला डबा मधोमध ठेवून त्यात गोटे भरतात, भोवती माती लोटतात आणि डबा थोडा वर ओढून पुन्हा तेच करतात. ही युक्ती नळीतही जशीच्या तशी चालते.

महाराष्ट्रात शहरी भागात थोड्या जागेत अन्न पिकवण्याच्या विचाराला कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ने बळ दिले. पालापाचोळा व स्वयंपाकघरातील ओला कचरा यांपासून तयार केलेली सकस माती हा त्या कार्याचा गाभा होता. मुंबई, पुणे येथील अनेक गच्चीबागांत आजही हाच विचार दिसतो. पाइप हे त्यातले केवळ भांडे आहे.

== नळीची निवड ==

=== मिळणारे प्रकार ===

भंगारात किंवा घराच्या दुरुस्तीत सर्वांत सहज मिळते ती सांडपाण्याची किंवा पावसाच्या पाण्याची राखाडी पीव्हीसी नळी. इमारतींतील मल व सांडपाण्याच्या पीव्हीसी नळ्यांसाठी आयएस १३५९२ हे भारतीय मानक आहे. त्यात वायुवीजन व पावसाच्या पाण्यासाठी पातळ भिंतीचा 'अ' प्रकार आणि मल व सांडपाण्यासाठी जाड भिंतीचा 'ब' प्रकार असतो. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांना आयएस ४९८५ हे मानक लागू होते. ग्रामीण भागात उपसा सिंचनाच्या पाइपलाइनचे तुकडे मुबलक असतात. नळी जमिनीखाली असताना तिच्यावर ऊन पडत नाही, त्यामुळे खोदून काढलेला तुकडा पुष्कळदा उघड्यावरच्या नळीपेक्षा मजबूत निघतो. काळ्या एचडीपीई नळ्याही वापरता येतात. त्या चिवट असतात, पण सॉल्व्हंट सिमेंटने चिकटत नाहीत आणि काळ्या रंगामुळे उन्हात फार तापतात.

व्यवहारात नळीचे माप इंचात सांगितले जाते. ६३ मिमीची नळी दोन इंची, ९० मिमीची तीन इंची, ११० मिमीची चार इंची व १६० मिमीची सहा इंची म्हणून ओळखतात. लागवडीसाठी ११० मिमी हा किमान व्यास समजावा. त्याहून अरुंद नळीत मुळांना जागा मिळत नाही आणि उन्हाळ्यात माध्यम काही तासांत सुकते. सर्वांत समाधानकारक अनुभव १६० मिमीच्या नळीचा येतो.

=== शिशाचा प्रश्न ===

पीव्हीसी उष्णतेने विघटित होऊ नये म्हणून निर्मितीच्या वेळी त्यात स्थिरीकारक द्रव्ये मिसळावी लागतात. भारतात दीर्घकाळ यासाठी शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने २०२१ मध्ये पीव्हीसी नळ्या व जोडसाहित्यातील शिसेयुक्त स्थिरीकारकांविषयी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यानंतर कॅल्शियम-जस्तासारख्या पर्यायांकडे उद्योग वळला. त्यामुळे या नियमांपूर्वी तयार झालेली कोणतीही भारतीय पीव्हीसी नळी शिसेयुक्त असू शकते असे गृहीत धरणे हेच शहाणपणाचे ठरते. रंग, वास किंवा वजन यांवरून हे ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते.

शिसे नळीच्या पदार्थात बांधलेले असते, त्यामुळे सुस्थितीतील नळीतून ते फार सावकाश बाहेर पडते. धोका वाढतो तो तीन परिस्थितींत. पहिली, नळी कापताना वा भोके पाडताना उडणारा भुसा. दुसरी, उन्हाने पृष्ठभाग जीर्ण होऊन त्यावर हात लावताच निघणारी पांढरट भुकटी. तिसरी, आम्ल माध्यमाशी दीर्घकाळचा संपर्क. शिशाच्या संपर्काची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे, आणि लहान मुलांना याचा सर्वाधिक अपाय होतो. घरची ताजी भाजी मुलांच्या ताटात यावी म्हणूनच पुष्कळजण हा खटाटोप करतात, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

व्यवहारात याचे तीन मार्ग निघतात. वय ज्ञात नसलेली जुनी नळी फुलझाडे व शोभेच्या वनस्पतींसाठी वापरावी. खाद्यपिके घ्यावयाची असल्यास नळीच्या आत एचडीपीईची लांब पिशवी अस्तरासारखी घालावी व खाचांच्या जागी तिला चीर द्यावी, म्हणजे माध्यमाचा नळीच्या भिंतीशी थेट संबंध बराच कमी होतो. तिसरा मार्ग म्हणजे नव्या बांधकामात उरलेले, अलीकडच्या उत्पादनाचे तुकडे मिळवणे. मानकांनुसार नळीवर उत्पादकाचे नाव, मानक क्रमांक व उत्पादनाच्या तुकडीची खूण छापलेली असते. ती वाचता येत असेल तोच तुकडा घ्यावा. प्लंबरकडे असे हात-दोन हात लांबीचे तुकडे नेहमी पडून असतात, आणि अशा कामासाठी तेवढी लांबी पुरते.

=== वर्ज्य नळ्या ===

जुन्या इमारतींच्या बाहेरील भिंतींवर दिसणारे राखाडी, खरबरीत 'सिमेंटचे पाइप' हे पुष्कळदा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे असतात. ते कापू नयेत, भोके पाडू नयेत आणि फोडूही नयेत. त्यातून सुटणारे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन ॲस्बेस्टॉसिस व कर्करोग यांसारखे आजार अनेक वर्षांनंतर उद्भवतात. बिडाच्या जुन्या नळ्यांचे सांधे वितळलेले शिसे ओतून भरलेले असत, त्यामुळे सांध्याकडील भाग बागेसाठी निरुपयोगी आहे. शिवाय बीड जड असते. कारखान्यात रसायने वाहून नेलेली नळी कितीही धुतली तरी घेऊ नये.

मलवाहिनी म्हणून वापरलेली नळी आतून घासून, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुऊन व काही दिवस कडक उन्हात वाळवून फुलझाडांसाठी चालते. कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांसाठी ती टाळणेच बरे.

== आकारमान व वजन ==

नळीत किती माध्यम मावेल हे आतील व्यासावरून काढता येते. ११० मिमीच्या नळीत दर मीटरला सुमारे ८.५ लिटर, तर १६० मिमीच्या नळीत सुमारे १८ लिटर माध्यम मावते. म्हणजे व्यास दीडपटीहून थोडाच कमी वाढला तरी माध्यम दुपटीहून अधिक होते. दीड मीटर लांबीच्या १६० मिमी नळीत सुमारे २७ लिटर मिश्रण बसते. हलके मिश्रण ओले झाल्यावर त्याचे वजन नळीसह ३५ किलोच्या आसपास जाते, आणि नुसती शेतातली माती भरल्यास ते ५० किलोच्या पुढे जाते. खाली खडी भरलेली बादली असल्यास आणखी २५ ते ३० किलो वाढतात.

भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) नुसार निवासी इमारतीतील बाल्कनीचा गृहीत भार दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन म्हणजे साधारण ३०० किलो, तर लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीचा त्याच्या निम्मा असतो. गच्ची मोठी दिसते म्हणून ती अधिक भार घेईल ही समजूत चुकीची आहे. खडीच्या पायासह दीड मीटरच्या दोन नळ्या एका चौरस मीटरवर ठेवल्या तर गच्चीचा गृहीत भार जवळजवळ संपतो. म्हणून नळ्या स्लॅबच्या मधोमध एकत्र न ठेवता कठड्यालगत, तुळईच्या वर व परस्परांपासून दूर ठेवाव्यात. जुन्या व गळक्या इमारतीत अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक असते.

== बांधणी ==

दीड मीटर लांब, १६० मिमी व्यासाची नळी नमुन्यादाखल घेतली आहे. याहून उंच नळीच्या वरच्या टोकाला पाणी घालण्यास स्टूल लागते, आणि ज्या बागेला स्टूल लागते तिला पाणी घालणे लवकरच राहून जाते.

नळीचा परीघ सुमारे ५० सेंमी भरतो. त्यावर सारख्या अंतराने तीन उभ्या रेषा आखतात. तळाचा ३० सेंमी भाग पायात बसवण्यासाठी सोडून वरच्या भागात प्रत्येक रेषेवर २० ते २५ सेंमी अंतराने खुणा करतात. शेजारच्या रेषांवरील खुणा एका पातळीत येऊ देऊ नयेत. त्या चढत्या जिन्यासारख्या वरखाली असाव्यात. एकाच पातळीवर चोहोबाजूंनी खाचा पडल्या तर नळी त्या ठिकाणी कमकुवत होते आणि भरताना मुरगळते. या आखणीत साधारण पंधरा रोपे बसतात.

खाचा करण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत ड्रिल यंत्राला गोल करवत लावून ५० ते ६० मिमीची भोके पाडतात आणि त्यांत ४५ अंशांचा एल्बो सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवतात. एल्बोचे तोंड वर राहत असल्याने माती सांडत नाही. रचना नेटकी दिसते, पण एल्बोंचा खर्च नळीपेक्षा जास्त होतो आणि 'टाकाऊतून टिकाऊ' हा हेतू बराचसा बाजूला पडतो. सॉल्व्हंट सिमेंट पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस, नळी मोकळ्या हवेत ठेवावी.

दुसरी रीत स्वस्त आहे व तीच अधिक रूढ आहे. खुणेवर हॅकसॉने सुमारे १० ते १२ सेंमी लांबीची आडवी चीर देतात. चिरेच्या वरखालचा भाग हीट गनने मऊ करून त्यात काचेची बाटली किंवा लाकडी खुंटी तिरपी दाबतात. वरची कड आत जाते, खालची कड ओठासारखी बाहेर येते आणि एक कप्पा तयार होतो. बाटली तशीच धरून वर गार पाणी ओतले की आकार कायम राहतो. पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. त्यामुळे हीट गन नसल्यास उकळते पाणी किटलीने सावकाश ओतूनही हे काम होते, फक्त वेळ अधिक लागतो. दोन चिरांच्या टोकांमध्ये किमान चार सेंमी अखंड नळी राहिली पाहिजे.

नळी गॅसच्या शेगडीवर, मेणबत्तीवर किंवा जाळावर धरणे मात्र घातक आहे. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असते. नळी करपू लागली की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबतो. तापलेल्या सळईने भोके पाडण्याचा प्रघातही याच कारणाने टाळावा. सर्व काम उघड्यावर, मुखपट्टी लावून करावे. चीर देताना पात्यावर पाण्याची धार धरल्यास भुसा उडत नाही. तो खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर गोळा करून कोरड्या कचऱ्यात द्यावा, मातीत मिसळू देऊ नये.

पायासाठी रंगाची रिकामी २० लिटरची बादली घेतात. तळाला निचऱ्याची भोके पाडून नळी मधोमध उभी करतात व भोवती खडी ठासतात. नळी ओळंब्यात आहे की नाही हे आधीच पाहावे, कारण भरल्यानंतर ती सरळ करता येत नाही. भिंतीजवळ ठेवल्यास दोन ठिकाणी क्लॅम्पने बांधावी. गच्चीवर वळवाच्या वाऱ्यात झाडोऱ्याने भरलेली नळी शिडासारखी वारा धरते. बाल्कनीच्या कठड्याबाहेर ती कधीही टांगू नये.

== माध्यम ==

नुसती काळी माती नळीत निरुपयोगी ठरते. ती भिजल्यावर फुगते, सुकल्यावर आक्रसून नळीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाला जाते. साधारणपणे दोन भाग कोकोपीट, दोन भाग चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळ खत आणि एक भाग लाल माती असे मिश्रण वापरतात. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते दोन-तीनदा पाण्यातून काढावे. मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड घालतात.

तळाला खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो असे सर्वत्र सांगितले जाते. खडी भोके बुजू देत नाही एवढे खरे, पण बारीक माध्यम जेथे संपते तेथे पाणी काही सेंमी उंचीपर्यंत धरून राहते, मग खाली खडी असो वा नसो. सर्वांत खालची खाच या ओल्या पट्ट्याच्या वर ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

भरण खालून वर टप्प्याटप्प्याने करतात. माध्यम एका खाचेच्या पातळीला आले की तेथे रोप बसवून पुढचा थर द्यावा. रोपाचा पाला कागदाच्या सुरळीत गुंडाळून आतून बाहेर काढल्यास मुळे दुखावत नाहीत. प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे, पण ठासू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत माध्यम खाली बसते, तेव्हा वरून भर घालावी लागते.

== पाणी ==

वरून थेट पाणी ओतल्यास ते बहुधा वरच्या खाचांतून बाहेर सांडते. यासाठी मधोमध पाऊण इंची नळी उभी ठेवतात. तिचे खालचे तोंड बंद करून बाजूंना बारीक छिद्रे पाडतात व तिला जुने सुती कापड गुंडाळतात. या नळीत पाणी भरल्यावर खालच्या छिद्रांवर दाब अधिक असतो, त्यामुळे सारख्या अंतरावर छिद्रे पाडल्यास बहुतेक पाणी तळाला जाते. म्हणून वरच्या भागात छिद्रे दाट व खालच्या भागात विरळ ठेवावीत. घरोघरी होणाऱ्या बांधणीत हा बारकावा सर्वाधिक वेळा सुटतो.

ढोबळमानाने नमुन्याच्या नळीला हिवाळ्यात दिवसाआड एक-दोन लिटर, तर उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर पाणी सकाळ-संध्याकाळ विभागून लागते. वरच्या खाचेत बोट घालून ओल पाहणे हे कोणत्याही वेळापत्रकापेक्षा विश्वसनीय आहे. ठिबकसाठी दवाखान्यात वापरलेल्या सलाइनच्या नळ्या आणण्याची सूचना अनेकदा केली जाते. तो जैववैद्यकीय कचरा असून २०१६च्या नियमांनुसार त्याची विल्हेवाट ठरलेल्या यंत्रणेमार्फतच लावावी लागते. ठिबक सिंचनाचे सुटे तोटे शेतीसाहित्याच्या दुकानात अल्प दरात मिळतात.

पाण्याबरोबर नत्रही खाली वाहते. तळाच्या ताटलीत जमणारे तपकिरी पाणी पुन्हा वर ओतल्यास ते परत मिळते, पण महिनोन्‌महिने तेच पाणी फिरवल्यास क्षार साठून पानांच्या कडा करपतात. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने माध्यम धुऊन काढावे. मधल्या नळीऐवजी ७५ मिमीची छिद्रे असलेली नळी ठेवून तिच्यात भाज्यांची देठे, साली व गांडुळे सोडण्याचा एक प्रकारही रूढ आहे. त्यासाठी बाहेरची नळी किमान २०० मिमीची हवी, आणि नळी सावलीत असली तरच गांडुळे तगतात.

== पिके ==

उथळ मुळांची व लवकर हाती येणारी पिके नळीला मानवतात. पालक, माठ, चुका, लेट्यूस, पुदिना, पानओवा व तुळस ही त्यांतील खात्रीची आहेत. मेथी महिन्याभरात काढता येते. कोथिंबिरीला सोटमूळ असल्याने तिचे रोप लावण्यापेक्षा धणे रगडून थेट खाचेत पेरावेत. कमी पाण्यावर भागवणारा पानओवा वरच्या खाचांत आणि ओल मागणारा पुदिना तळाला अशी वाटणी केल्यास स्तंभातील असमान ओलीचा उपयोगच होतो. पुदिना मात्र माध्यमात आतून पसरतो व दोन हंगामांत शेजारच्या खाचांतून डोकावू लागतो. मायाळूची वेल तळाच्या खाचेत लावून बाजूच्या दोरीवर चढवतात.

स्ट्रॉबेरीसाठी ही रचना मुळातच अनुकूल आहे, कारण फळे हवेत लोंबकळतात व मातीला टेकून सडत नाहीत. महाबळेश्वर परिसरात, जेथील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, थंड हवेमुळे हे पीक सहज येते. पुणे व नाशिक येथे हिवाळ्यापुरते ते घेता येते. कोकण किनाऱ्यावर उष्णतेमुळे रोपे उन्हाळ्यात टिकत नाहीत.

मुळा व गाजर यांना बाजूच्या खाचेतून खोल जाता येत नाही. टोमॅटो, वांगी व भोपळावर्गीय वेली नळीतील पाणी व अन्न एकट्याच संपवतात. मिरचीचे एखादे रोप नळीच्या वरच्या उघड्या तोंडाशी लावता येते. फुलझाडांपैकी सदाफुली, चिनी गुलाब व पेटुनिया चांगली फुलतात. ज्या नळीच्या वयाबद्दल शंका आहे तिच्यासाठी हीच निवड योग्य आहे.

== ऊन व ऋतुमान ==

कुंडीपेक्षा नळीचा पृष्ठभाग माध्यमाच्या मानाने फार मोठा असतो, म्हणून ती लवकर तापते व लवकर निवते. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या उन्हात उभ्या नळीच्या भिंतीलगतची मुळे भाजतात. बाहेरून पांढरा जलाधारित रंग दिल्यास किंवा ओले गोणपाट गुंडाळल्यास फरक पडतो. रंगामुळे अतिनील किरणांपासूनही नळीचे रक्षण होते.

उभ्या नळीची एक बाजू नेहमी सावलीत राहते. महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खाचांना थेट ऊन मिळत नाही. मे महिन्यात, मुंबईसारख्या ठिकाणी शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास, मध्यान्हीचे ऊन वरून सरळ येते व उभ्या बाजूंना फक्त सकाळ-संध्याकाळी ऊन लागते. नळी दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा फिरवणे हा रूढ उपाय आहे. भिंतीला पक्की बांधलेली नळी फिरवता येत नाही, तेव्हा मागच्या बाजूला खाचा पाडूच नयेत.

पावसाळ्यात कोकणात व घाटमाथ्यावर संततधारेने माध्यमातील अन्नद्रव्ये धुऊन जातात. त्या काळात वरच्या तोंडावर झाकण ठेवावे.

== डास व गळती ==

तळाच्या ताटलीत साचलेले स्वच्छ पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला अंडी घालण्यास आवडते. अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासून कोरडी करावी, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. पाण्याच्या मधल्या नळीच्या तोंडालाही बारीक जाळी बांधावी.

गृहनिर्माण संस्थांमध्ये गच्चीबागेविषयी होणाऱ्या तक्रारी बहुधा खालच्या मजल्यावरील गळतीच्या असतात. पाया थेट स्लॅबवर न टेकवता विटांवर उचलून ठेवला, निथळलेले पाणी ताटलीत धरले आणि गच्चीचे पन्हळे मोकळे ठेवले, तर फरशी कोरडी राहते व गळती कोठून होते हेही दिसते. गच्ची सामाईक असल्यास संस्थेची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

== मर्यादा ==

उभी नळी फरशीवरील जागा वाचवते, पण ऊन वाढवत नाही. ज्या बाल्कनीत दिवसाला दोन तासच ऊन येते तेथे पंधरा खाचांची नळीही लेट्यूस किंवा पालक मनासारखा देत नाही. पुदिना व पानओवा तेवढे तग धरतात. एका रोपाच्या वाट्याला दोन लिटरपेक्षाही कमी माध्यम येते, म्हणून दोन दिवस पाणी चुकले तर सगळी रचना एकदम कोमेजते. साध्या कुंडीत हा अवधी अधिक असतो. भरपूर जागा व मोकळी जमीन असलेल्या घराला वाफा किंवा कुंड्या अधिक सोयीच्या पडतात.

माध्यम दर वर्षी बाहेर काढून, मुळांचे जाळे झटकून व निम्मे नवे कंपोस्ट मिसळून पुन्हा भरावे लागते. अरुंद नळीतून ते काढणे कष्टाचे असते. काहीजण नळी उभी चिरून दोन अर्धे भाग तारेने बांधतात, त्यामुळे ती दप्तरासारखी उघडता येते.

== आयुष्य व विल्हेवाट ==

उन्हात उघडी असलेली पीव्हीसी कालांतराने फिकी व ठिसूळ होते. पृष्ठभागावर भुकटी दिसू लागली किंवा खाचेच्या टोकातून तडे निघाले की नळी खाद्यपिकासाठी वापरणे थांबवावे. जुन्या नळीला बागेत लावणे हा पुनर्वापर आहे, पुनर्चक्रण नव्हे. नळीचे प्लॅस्टिक त्याच रूपात राहते आणि तिची विल्हेवाट काही वर्षे पुढे ढकलली जाते. निकामी नळी पालापाचोळ्याबरोबर जाळल्यास हायड्रोजन क्लोराइडबरोबर डायॉक्सिन वर्गातील विषारी संयुगे तयार होतात. ती माती काढून, धुऊन, इतर प्लॅस्टिकपासून वेगळी ठेवून भंगारवाल्याकडे द्यावी. पीव्हीसीसाठी प्लॅस्टिकच्या वर्गीकरणात ३ हा अंक वापरतात. पीईटी किंवा पॉलिथिनच्या मालात पीव्हीसीचे थोडे तुकडे मिसळले तरी तो माल पुनर्चक्रणात बिघडतो.